जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नसते. त्यामुळे अनेकांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्यातली हार्ड डिस्क काढून खणात ठेवली. काहींच्या खणात त्याहून जुन्या, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिस्क आधीच पडून होत्या. त्यात फोटो असतात, हिशेब असतात, कुणाचं अर्धवट लिहिलेलं पुस्तक असतं. पण नव्या कॉम्प्युटरला ती डिस्क लावायला भोकच सापडत नाही.

माझ्याकडे वडिलांच्या कॉम्प्युटरमधली ४० जीबीची डिस्क होती. निवृत्तीनंतर त्यांनी दोन बोटांनी टाइप केलेल्या आठवणी तिच्यात होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या डिस्कने मला जे शिकवलं तेच या लेखात लिहितो आहे. अशी डिस्क जोडताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: तोंड, वीज, भाषा आणि आतली मांडणी. डिस्क आणि कॉम्प्युटरचं यूएसबी पोर्ट यांच्यामध्ये लावायचा अडॅप्टर पहिल्या तीन जुळवून देतो. चौथीशी त्याचा संबंध नाही, आणि बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो.

आधी डिस्कचं तोंड पाहा

कुठलाही अडॅप्टर आणण्याआधी डिस्क हातात घ्या आणि जोडणीची कड नीट पाहा. पिना बाहेर उभ्या दिसतात की एल आकाराच्या चपट्या पट्ट्या दिसतात, यावरून जवळजवळ सगळं ठरतं.

दोन ओळींत उभ्या पिना असतील तर ती आयडीई डिस्क. हिलाच पाटा असंही म्हणतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली ही पद्धत २००५च्या आसपासपर्यंत सर्रास चालू होती. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला ४० पिनांची जागा असते आणि शेजारी विजेसाठी चार जाड पिना. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात, त्या जास्त बारीक आणि जवळजवळ, आणि वीजही त्यांतूनच येते. म्हणजे दोन्ही आयडीईच, पण एकीची केबल दुसरीला बसत नाही. अडॅप्टर घेताना त्याला दोन्ही तोंडं आहेत ना, हे पाहून घ्या.

चपट्या पट्ट्या असतील तर ती साटा डिस्क. ही २००३ पासून बाजारात आली. डेटासाठी सात संपर्कांचं छोटं तोंड, विजेसाठी १५ संपर्कांचं लांब तोंड. अडीच इंची असो की साडेतीन इंची, साटाची तोंडं सारखीच असतात. ही डिस्क जोडायला सगळ्यांत सोपी.

अलीकडच्या लॅपटॉपमधून च्युइंगगमच्या पट्टीएवढी पातळ पाटी निघाली तर ती एम.२ प्रकारची आहे. दिसायला सारख्या असल्या तरी यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन वेगळे प्रकार असतात, आणि एकासाठीची डबी (पाटी आत बसवून यूएसबीला जोडायचा अडॅप्टर) दुसरीला चालेलच असं नाही. लेबलवर प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

आणि ५०, ६८ किंवा ८० पिनांची रुंद जागा दिसली तर ती बहुधा स्कझी डिस्क, जुन्या सर्व्हरमधली. नेहमीच्या यूएसबी अडॅप्टरला ती जमत नाही. स्कझी कार्ड असलेला जुना चालू कॉम्प्युटर मिळवणं हाच तिचा खरा मार्ग.

दोन टोकांची साधी वायर का चालत नाही?

हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलच्या चार्जरला दुसऱ्या आकाराचं टोक लावलं की काम होतं, मग इथेही एका टोकाला आयडीई आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली वायर का नको?

कारण फरक तोंडाच्या आकारापुरता नाही, बोलण्याच्या पद्धतीचा आहे. आयडीई एका वेळी १६ बिट शेजारशेजारच्या तारांवरून पाठवते. एकमेकांचे हात धरून चालणाऱ्या १६ माणसांच्या रांगेसारखं ते आहे: सगळ्यांची पावलं एकाच वेळी पडली पाहिजेत. वेग वाढवला की कुणीतरी मागे पडतं, शिवाय शेजारच्या तारांची कुजबूज एकमेकींत मिसळते. म्हणून पुढे ४० पिनांच्याच आयडीई केबलमध्ये ८० तारा आल्या. जादाच्या ४० तारा फक्त मधे आडोसा म्हणून होत्या. तरीही वेग सेकंदाला १३३ एमबीच्या पुढे गेला नाही. साटाने रांग मोडली आणि एकामागून एक बिट अतिशय वेगाने पाठवायला सुरुवात केली. यूएसबीही असंच एकामागून एक पाठवते, पण तिचे नियम साटापेक्षा वेगळे.

म्हणून अडॅप्टरच्या प्लॅस्टिकच्या आत एक चिप बसवलेली असते. तिला ब्रिज म्हणतात, आणि ती अक्षरशः दुभाष्याचं काम करते. कॉम्प्युटर यूएसबीच्या भाषेत 'अमुक ठिकाणची माहिती दे' म्हणतो, ब्रिज ते आयडीईच्या किंवा साटाच्या भाषेत डिस्कला सांगतो आणि उत्तर उलट फिरवून आणतो. कॉम्प्युटरला समोर एक बाह्य डिस्क दिसते, इतकंच. तुमचं यंत्र कितीही नवं असलं तरी दुभाषी चांगला असेल तर २००१ सालची डिस्क त्याच्याशी बोलते.

दुभाषी सुमार असला तर मात्र त्रास होतो. काही ब्रिज डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्ट ही माहिती पुढे पाठवतच नाहीत, काही मोठ्या डिस्कचा आकार चुकीचा सांगतात. डिस्क दिसत नसेल तर ती मेली असं ठरवण्याआधी एकदा दुसरा अडॅप्टर लावून पाहा, असं मी कळकळीने सांगतो. चांगल्या डिस्क या घाईपायी कचऱ्यात गेलेल्या आहेत.

वीज: बहुतेक अडचणींचं मूळ

साडेतीन इंची डिस्कला दोन प्रकारची वीज लागते. सर्किटसाठी ५ व्होल्ट आणि तबकड्या फिरवणाऱ्या मोटरसाठी १२ व्होल्ट. यूएसबीच्या साध्या पोर्टमधून फक्त ५ व्होल्ट मिळतात, तेही यूएसबी २.० असेल तर ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० असेल तर ९०० मिलिअँपिअरपर्यंत. म्हणजे अडीच ते साडेचार वॉट. उलट साडेतीन इंची डिस्कला स्थिर अवस्थेतून वेग घेताना काही सेकंद २० वॉट किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. थांबलेली गाडी ढकलायला पहिला जोर लागतो, तसं. म्हणून अशा डिस्कच्या अडॅप्टरसोबत भिंतीच्या प्लगला लावायचा वेगळा चार्जर येतो, साधारण १२ व्होल्ट २ अँपिअरचा. तो नसलेला स्वस्त अडॅप्टर साडेतीन इंची डिस्कसाठी घेऊ नका.

अडीच इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे एका यूएसबी केबलवर भागतं. तरी जुन्या डिस्क सुरू होताना जरा जास्त वीज ओढतात. डिस्क फिरायला लागते, थांबते, परत फिरते असं होत असेल तर वीज कमी पडते आहे असं समजा. केबलला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा, किंवा स्वतःचा चार्जर असलेला हब वापरा.

घरात दहा चार्जर एकत्र ठेवलेले असतात आणि त्यांतले निम्मे एकाच गोल पिनेचे. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर १२ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये सहज जातो आणि डिस्कचं सर्किट क्षणात जाळू शकतो. पीन बसली म्हणजे चार्जर तोच, असं नाही. त्याच्यावरचे बारीक आकडे उजेडात धरून वाचा.

आयडीई डिस्कच्या चार जाड पिनांचा प्लगही असाच. त्याचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. जोर लावून उलटा बसवला तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. प्लग घट्ट असतो, त्याला जोर लागतोच, म्हणून आधी कोपरे जुळवा आणि मगच दाबा.

जम्पर नावाची इवलीशी टोपी

माझी डिस्क पहिल्या दिवशी दिसली नाही. मोटर फिरत होती, कानाला बारीक घरघर ऐकू येत होती, पण पडद्यावर काही नाही. अडॅप्टर बदलला, केबल बदलली, तरी तेच.

आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क लावता यायच्या. कोणती पहिली आणि कोणती दुसरी हे डिस्कलाच सांगावं लागायचं. त्यासाठी डेटाच्या आणि विजेच्या पिनांच्या मधे आणखी काही पिना असतात, आणि त्यांतल्या दोन जोडणारी तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी असते. तिला जम्पर म्हणतात. पहिल्या डिस्कला मास्टर, दुसरीला स्लेव्ह म्हणायचे. वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये ही डिस्क दुसरी म्हणून लावलेली होती, म्हणून जम्पर स्लेव्हच्या जागी होता. ब्रिजला हवी होती मास्टर.

डिस्कवरच्या लेबलवर पिनांचं छोटं चित्र छापलेलं असतं. ते मला भिंगातून वाचावं लागलं. चिमट्याने टोपी ओढली, एक जागा सरकवून बसवली आणि परत वीज दिली. सात-आठ सेकंदांनी डिस्क पडद्यावर आली. काही डिस्कमध्ये 'एकटी' आणि 'मास्टर' या दोन वेगळ्या जागा असतात, आणि एकटी म्हणजे जम्पर पूर्ण काढून टाकायचा. म्हणून अंदाजाने न करता चित्र पाहूनच करा. साटा डिस्कमध्ये ही भानगडच नाही.

डिस्क फिरते, पण 'धिस पीसी'मध्ये नाही

इथे लोक घाबरतात, पण थांबा. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी आहे, स्टार्टवर राइट क्लिक केलं की यादीत सापडते. तिथे जोडलेली प्रत्येक डिस्क दिसते, तिला ई, एफ असं अक्षर मिळालेलं असो वा नसो.

तिथे डिस्क योग्य आकारासह दिसली, तर दुभाष्याने आपलं काम केलं आहे. ८० जीबीची डिस्क साधारण ७४.५ दिसेल. त्यात काही हरवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, इतकंच. विभाग निरोगी दाखवून अक्षर नसेल तर राइट क्लिक करून अक्षर द्या. डिस्क तिथेही नसेल, किंवा आकार शून्य असेल, तर परत मागे जा: वीज, जम्पर, केबल, दुसरा अडॅप्टर. बहुतेक अडॅप्टरसाठी मी हा क्रम पाळतो: आधी डिस्क अडॅप्टरला, मग वीज, डिस्क पूर्ण वेगात आल्यावर शेवटी यूएसबी.

डिस्क टेबलावर सुट्टी ठेवताना खाली कोरडा पुठ्ठा किंवा लाकूड असू द्या. तळाचं उघडं सर्किट धातूला टेकू देऊ नका. आणि फिरत असताना तिला उचलू नका, तिरपी करू नका. वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते.

'फॉरमॅट करा' असं विचारलं तर

आता चौथी गोष्ट, आतली मांडणी. डिस्कवर फाइल कुठे कुठे ठेवल्या आहेत याची एक अनुक्रमणिका असते. ती लिहिण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस, मॅकची एचएफएस प्लस आणि आता एपीएफएस, लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीची बहुधा एक्स्ट४. विंडोजला मॅकची अनुक्रमणिका स्वतःहून वाचता येत नाही. मॅकला एनटीएफएस वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही.

वाचता न येणारी अनुक्रमणिका समोर आली की विंडोज विचारतं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का? हा प्रश्न वाचून असं वाटतं की डिस्क रिकामी आहे. बहुतेक वेळा ती रिकामी नसते. विंडोजला फक्त तिचं पुस्तक वाचता आलेलं नसतं, आणि ते पुस्तक पुसून कोरं करण्याची परवानगी मागत असतं. 'कॅन्सल' दाबा. डिस्क मॅनेजमेंटने 'इनिशियलाइज' करायला सांगितलं तरीही कॅन्सल.

कुणी चुकून क्विक फॉरमॅट केलंच असेल, तर साधारणपणे फक्त अनुक्रमणिका नवी लिहिली जाते आणि पानं तशीच राहतात. अशा वेळी त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका. टेस्टडिस्क आणि फोटोरेक या मोफत साधनांनी पुष्कळ परत मिळतं. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्य लिहीत जातं. ते पूर्ण झालं की परतीची वाट नाही.

मॅकची किंवा लिनक्सची डिस्क असेल तर ती त्याच जातीच्या यंत्राला लावणं सगळ्यांत सोपं. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स एनटीएफएस वाचतं, मॅकच्या जुन्या पद्धतीही बऱ्याचशा वाचतं, आणि डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून उघडता येते. जुन्या डिस्कसाठी मला हीच पद्धत सगळ्यांत सुरक्षित वाटते.

एक खाचखळगा बाह्य डिस्कचा. तयार बाह्य डिस्कची डबी बिघडली म्हणून आतली डिस्क काढून अडॅप्टरला लावली, तर ती कोरी भासू शकते. काही डब्यांमधला ब्रिज सगळा डेटा कुलूपबंद करून लिहितो आणि किल्ली त्याच्याकडेच असते. काही ब्रिज डिस्कवरचे तुकडे वेगळ्या मापाने मोजतात. म्हणून जुनी डबी आणि तिचं सर्किट फेकू नका.

'परवानगी नाही' म्हणजे डेटा गेला का?

नाही. एनटीएफएस प्रत्येक फोल्डरवर मालकाचं नाव नोंदवून ठेवते, आणि तो मालक म्हणजे जुन्या विंडोजमधलं खातं. नवं विंडोज त्याला ओळखत नाही. 'कंटिन्यू' दाबलं आणि तुमच्या खात्याला कॉम्प्युटरचे पूर्ण अधिकार असले, तर बहुधा दार उघडतं. फोल्डर मोठा असेल तर वेळ लागतो. विंडोज एक्सपीच्या डिस्कवर माणसांच्या फाइल 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये असतात, व्हिस्टापासून पुढे 'यूझर्स'मध्ये.

बिटलॉकर हे विंडोजचं स्वतःचं कुलूप, ती वेगळी बाब आहे. तिथे डेटा खरोखर सांकेतिक केलेला असतो आणि पासवर्ड नसेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे आपोआप चालू झालेलं असतं आणि की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप मोडीत काढण्याआधी ती कागदावर लिहून घ्या.

टकटक आवाज आला तर

निरोगी डिस्क सुरू होताना घूं करत वेग घेते, मग थोडी किरकिर, मग स्थिर. एकाच लयीत टक, टक, टक असा आवाज आला तर लगेच वीज काढा. एकदा पुरेशा ताकदीचा चार्जर लावून खात्री करा, कारण वीज कमी पडली तरी असा आवाज येतो. तरीही टकटक तशीच असेल तर प्रयोग थांबवा. वाचणारं टोक बिघडलेलं असतं आणि प्रत्येक प्रयत्नाला तबकडीवर ओरखडे पडू शकतात. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय करू नका, आत दव धरतं. झाकण उघडू नका. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या.

टकटक नाही पण कॉपी मधेच अडते आहे, अशी डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. तिच्यातून एकेक फोल्डर ओढत बसण्यापेक्षा डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद राखतं. पुढची शोधाशोध त्या प्रतीवर करायची.

फाइल उघडली, पण अक्षरं कळेनात

वडिलांची फाइल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ होती. डिस्क ठीक, कॉपी ठीक, आणि वाचता एक शब्द येईना.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत. ती रुळण्याआधी मराठी टाइप करायला शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट वापरत. त्यांत फाइलमध्ये साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षराचंच क्रमांकन, फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढायचा. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. ज्या डिस्कवरून विंडोज चालायचं, तिच्यातल्या 'विंडोज' फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर असतो. त्या काळी वापरलेला फॉन्ट बहुधा तिथेच असतो. म्हणून फाइलबरोबर तो फोल्डरही आठवणीने उचला. मग नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवा आणि मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार तपासत वाचावं लागतं, मला चार संध्याकाळी लागल्या.

मग ही डिस्क पुढे वापरू का?

माझं स्पष्ट मत: नको. जुनी डिस्क जोडायची ती आतलं बाहेर काढण्यापुरती. तिच्यातला जुना विंडोज यूएसबीवरून सुरू होईल अशी आशाही धरू नका, एक्सपी तर तसा चालत नाही. बसवलेले प्रोग्रॅम कॉपी करून चालत नाहीत, फाइल तेवढ्या येतात.

यूएसबी २.०च्या अडॅप्टरवर सेकंदाला सुमारे ३० एमबी मिळतात. या हिशेबाने ४० जीबीला पंचवीस मिनिटांच्या आत काम व्हायला हवं, पण हजारो बारक्या फाइल असतील तर कितीतरी जास्त वेळ जातो. त्या काळात लॅपटॉप झोपू देऊ नका. आधी ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते उचला, गाणी आणि सिनेमे शेवटी. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि दहा-बारा फाइल खरोखर उघडून पाहा, नुसती नावं पाहू नका.

काम झालं की 'इजेक्ट' करा, वीज काढा आणि तबकड्या थांबेपर्यंत हात लावू नका. घरघर हळूहळू खाली येते आणि शेवटी एक बारीक टक होतं. वडिलांच्या डिस्कवर मी कॉपी केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि खाली जम्परची जागा.